एका कुटुंबापुरती हरकत नसावी

माईंनी मधमाशांची पेटी आणली ती मधासाठी नव्हे. मध दुकानात मिळतो आणि दुकानातला मध चावत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. पेटी आणली ती घर राखायला. झालं होतं असं, की चिरंजीव आणि सूनबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांचा एक फ्लॅट बघून आले, आणि त्या दिवसापासून जेवताना दोघंही फार गोड बोलायला लागले. घरातली माणसं विनाकारण गोड बोलायला लागली, की शहाण्या बाईने आधी दाराची कडी बघावी. माईंनी विषय निघायच्या आत बंद केला आणि चार दिवसांत पेटी आणली. घरात जीव पाळला की माणसं हलत नाहीत, असा त्यांचा हिशोब. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजर कुणाचंच नसतं आणि पोपट घरातलं बाहेर सांगतो. त्यापेक्षा मधमाशी बरी. शिवाय पेटी विकणारा म्हणाला होता, "हजारोंनी राहतात माई, पण एका छपराखाली आणि एका राणीच्या शब्दात." हे ऐकल्यावर माईंनी दुसरं काही बघितलंच नाही.

माईंचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघरातून एक लोखंडी जिना थेट गच्चीवर जायचा. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत चार विटांवर पेटी बसली. पहिल्या दुपारी माई शेजारी स्टूल टाकून बसल्या. हा आवाज नुसत्या कानाने ऐकू येत नाही. तो आधी विटांत उतरतो, मग स्टुलात चढतो, गुडघ्यांतून पोटात शिरतो आणि तिथे हळूहळू गोल फिरत राहतो. छोट्या फटीतून माशा येत होत्या, जात होत्या, कुणी कुणाला आडवं बोलत नव्हतं. पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या लावून आलेल्या माशा दारात जरा थबकायच्या आणि आत जायच्या. सगळे कामाला जाणारे आणि सगळे घरी परत येणारे. माईंचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना एक मोठं घर दिसलं. त्याला खोल्याच खोल्या, प्रत्येक खोलीत दिवा, आणि कुठल्याच खोलीत कुजबुज नाही.

खाली आल्या तेव्हा त्यांच्या केसांना मेणाचा वास येत होता.

"कुठं होतीस इतका वेळ?" आप्पांनी विचारलं.

"घरी," माई म्हणाल्या.

आप्पा म्हणजे माईंचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते घरात जुन्या कॅलेंडरसारखे होते. भिंतीवर असायचे, पण पान कोणी उलटत नसे. पेटी आल्यावर त्यांना धुराडं धरायचं काम मिळालं. डब्यात पुठ्ठा जाळायचा, भाता दाबायचा, धूर पेटीकडे सोडायचा. आप्पा तो बहुतेक स्वतःच्या डोळ्यांत सोडायचे. पण रडतारडता का होईना, उपयोगी पडतोय म्हणून खुशीत असायचे.

मग इमारतीला ज्ञान फुटलं. एरवी ज्यांना आपल्या नळाची गळती कळत नाही, त्यांना मधमाशांचं सगळं कळतं असं निघालं. पहिल्या मजल्यावरचे मास्तर वर आले आणि म्हणाले, "माई, माशी फुलाची नसते, वेळेची असते. पेटीजवळ एक घड्याळ ठेवा." ठेवलं. माशांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मास्तर मात्र रोज वेळ बघायला वर यायला लागले आणि चहा घेऊन उतरायला लागले. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी पेटीला कान लावला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने जाहीर केलं, "काळी दोन. पण जराशा उतरल्यात." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शिष्या सूर लावायला जिन्यातून वर. माशा गात, मुली गात, मधेच टाकीत पाणी चढे. उन्हं कलताना साऱ्या इमारतीवर अशी काही गुंगी उतरायची, की भांडायला निघालेली माणसंसुद्धा अर्ध्या जिन्यात कठड्याला टेकून उभी राहायची आणि कशासाठी निघालो होतो ते विसरायची.

विसरले नाहीत ते एकटे सेक्रेटरी. ते माईंच्या बरोब्बर खाली राहायचे. त्यांना इमारतीचे नियम तोंडपाठ होते, आणि एकटं राहत असल्यामुळे ते ऐकवायला घरात कोणी नव्हतं.

"नियमांत कुत्रा आहे," ते माईंच्या दारात उभे राहून म्हणाले. "मांजर आहे. पिंजऱ्यातला पक्षी आहे. माशी नाही."

"मग माशीला मनाईही नसेल."

"जे लिहिलेलं नाही ते बसत नाही, माई. कार्यालयातून परवानगी आणा."

माई आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेल्या नव्हत्या. पण घराचा प्रश्न होता. त्या आप्पांना घेऊन कार्यालयात गेल्या. पाळीव प्राण्यांच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "एकूण प्राणी किती?"

"मोजले नाहीत."

"मोजून या. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला लागतो."

"तुम्हीच या घालायला. मी झाकण उघडून धरते."

बाईंनी मान वर केली आणि त्यांना कीटकांच्या खिडकीकडे पाठवलं. तिथला माणूस फार प्रेमळ. त्याने आप्पांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मारायच्या असतील तर आज दुपारीच माणूस पाठवतो. पाळायच्या असतील तर आमच्याकडे सोय नाही हो." हे सांगताना त्याला खरंच वाईट वाटत होतं.

शेवटी व्हरांड्याच्या टोकाला उद्यानांच्या साहेबांची खोली. खिडकीवर वेल इतका चढलेला, की आत हिरवा उजेड भरला होता. तळ्याच्या तळाशी टेबल मांडून बसावं तसे साहेब बसलेले. वर पंखा फिरत होता, पण वाऱ्याला उतरायची घाई नव्हती. माईंनी सगळं सांगितलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. झोपले असतील असं दोनदा वाटलं, पण दोन्ही वेळा त्यांचं बोट टेबलावर हललं.

"आवाज कसा येतो?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची तयारी माईंनी केली नव्हती. "सगळे घरी आहेत असा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी डोळे न उघडताच कागद ओढला आणि लिहिलं, 'एका कुटुंबापुरती हरकत नसावी.'

"नसावी कशाला? हरकत नाही असं लिहा की."

"नाही लिहायला वरचे साहेब लागतात. नसावी माझ्या अखत्यारीत येतं."

"आणि एका कुटुंबापुरती?"

"नाहीतर उद्या तुम्ही गाव वसवाल," साहेब म्हणाले, आणि पुन्हा तळाशी गेले.

सेक्रेटरींनी कागद वाचला, उजेडात धरून परत वाचला. "एक म्हणजे एक. दुसरं कुटुंब झालं की परवानगी संपली."

"माझ्या घरात दोन कुटुंबं होत नसतात," माई म्हणाल्या. म्हणताना त्या सेक्रेटरींकडे बघत नव्हत्या. सूनबाई सिंकपाशी होती. तिने नळ जरा मोठा सोडला.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर माणसांना बारीक अक्षरं वाचायला लावून तिला स्वतःला बारीक बघायची सवय लागली होती, आणि बोलायची थोडकं. पेटीबरोबर मिळालेली पुस्तिका घरात फक्त तिने सबंध वाचली. माईंनी वाचली नाही. माईंचं शिक्षण लवकर आटपलेलं, आणि ज्याने घर चालवलंय त्याला पेटी काय अवघड, हे त्यांचं ठाम मत.

तेव्हा माई पेटी चालवू लागल्या, घर चालवावं तशी. रोज सकाळी झाकण उघडायचं, एकेक चौकट वर काढायची, कुठे काय चाललंय बघायचं. सूनबाई म्हणाली, "आई, रोज उघडलं की आतली ऊब जाते. पिल्लं गारठतात."

"माझी पिल्लं कधी गारठली नाहीत."

"त्यांची म्हणतेय मी."

मग स्वच्छता. माशा फटीफटीत चिकट तपकिरी राळ भरून ठेवायच्या. माईंना तो गलिच्छपणा वाटला. त्यांनी सुरीने खरवडून पेटी लख्ख केली. माशांनी दोन दिवसांत पुन्हा भरली. माईंनी पुन्हा खरवडली. पुस्तिकेत लिहिलं होतं की राळेमुळे रोग लांब राहतात. सूनबाईने ते मोठ्याने वाचलं. माई म्हणाल्या, आमच्या वेळी रोग केरसुणीला घाबरायचे.

मग नर. पेटीत काही माशा जाड्या, मोठ्या डोळ्यांच्या. आवाज दुप्पट, काम शून्य. फुलांवर जात नाहीत, घर राखत नाहीत, भूक लागली की बहिणींपुढे तोंड उघडून उभे. कळल्यावर माईंचं पित्त खवळलं. त्या चिमट्याने एकेकाला उचलून बाहेर ठेवू लागल्या. आप्पा धुराडं धरून अस्वस्थपणे बघत होते.

"असू दे की गं," ते शेवटी म्हणाले. "काहीतरी उपयोग असेल."

"काय उपयोग?"

आप्पांनी पुस्तिका चाळली, एक पान वाचलं, खाकरले आणि पुस्तिका मिटली. "असतो," ते म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी कुणी न सांगता बादलीभर कपडे वाळत घातले.

पण माईंचा खरा हात सुटला तो खाऊ घालण्यात. रस्त्याकडेची झाडं फुलून आली होती, माशा मकरंद आणून थकत होत्या, तरी माईंचा जीव राहीना. बिचाऱ्या बाहेरचं किती खाणार? त्या रोज संध्याकाळी साखरेचा पाक करून वर ठेवत. घरचं घरात मिळालं की पाय बाहेर पडत नाही, हे त्यांचं जुनं तत्त्व. माशांनी पाक घेतला आणि मेणाच्या मिळेल त्या घरात भरला. पोळं नि पोळं तुडुंब. राणीला अंडी घालायला जागा उरेना.

सूनबाईने भिंगातून चौकट बघितली. "आई, त्यांना जागा कमी पडतेय. वर आणखी एक खण द्यायला हवा. नाहीतर निघून जातील."

माईंनी तिच्याकडे बघितलं. "ज्यांना जागा कमी पडते ना," त्या म्हणाल्या, "त्यांना मन कमी असतं."

सूनबाईने भिंग खिशात ठेवलं. त्यानंतर तीन-चार दिवस ती गच्चीवर आली नाही, आणि घरात चमचा पडला तरी दचकावं अशी शांतता झाली.

त्याच शांततेत माईंना चौकटीच्या खालच्या कडेला काही लोंबताना दिसलं. भुईमुगाच्या शेंगेसारखं, मेणाचं, खाली तोंड केलेलं. एक नव्हे, पाच-सहा. आप्पांनी पुस्तिकेतलं चित्र जुळवून सांगितलं की ही राणीघरं. यांतून नव्या राण्या निघतात.

माईंना उन्हातही गार वाटलं. राणी असताना राण्या? धडधाकट, चालती-बोलती राणी घरात असताना? त्यांनी चौकटीवर राणी शोधली. होती बिचारी, लांबट, जरा वाळलेली, माशांच्या गर्दीतून इकडून तिकडे फिरत. कुणी तिला थांबून विचारत नव्हतं. माईंनी फळं कापायची सुरी मागितली आणि सगळी राणीघरं मुळापासून छाटून टाकली.

"एकदा सूनबाईला विचारू या का?" आप्पा म्हणाले.

"हे तिला विचारायचं?" माई म्हणाल्या. "धूर सोडा."

पुढचे दोन दिवस पेटी मंदावली. माशा फारशा बाहेर पडेनात. दारावर एकमेकींना धरून, दाढी लोंबावी तशा लोंबत राहिल्या. माईंना समाधान वाटलं. एकदा मर्यादा घालून दिली की सगळे ताळ्यावर येतात. त्या स्टुलावर बसायच्या, हवा मधासारखी जड असायची, आणि सूर पूर्वीपेक्षा खोल लागलेला. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आता सूर खरा लागला. पण का, ते कळत नाही."

सुट्टीचा दिवस होता. दुपारची जेवणं झाली होती, माई स्टुलावर पेंगत होत्या. आधी त्यांना वाटलं पाऊस लागला. डोळे उघडले तर पेटीच्या दारातून माशा ओतत होत्या. उडत नव्हत्या, ओतत होत्या, आतून कुणी घागर उपडी केल्यासारख्या. क्षणात गच्ची भरली. आकाशावर तपकिरी सोनेरी जाळी पसरली आणि माई तिच्या मधोमध. एकही माशी चावली नाही. त्यांच्या तोंडावरून, हातांवरून वारा गेल्यासारखा सगळा जीव निघून चालला होता. आवाज इतका मोठा होता की तो शांततेसारखाच वाटत होता. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली. रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकवून वर बघत राहिला. माईंना ओरडावंसं वाटलं, नाव घेऊन हाक मारावीशी वाटली. पण इतक्या दिवसांत त्यांनी एकीलाही नाव दिलं नव्हतं.

जाळी हळूहळू आवळली, गच्चीच्या कठड्यावरून खाली झुकली आणि सेक्रेटरींच्या बाल्कनीत उतरली.

तिथे दोरीवर सेक्रेटरींची एकुलती एक चांगली पँट वाळत होती. संध्याकाळी इमारतीची वार्षिक सभा, म्हणून सकाळीच धुतलेली. बघता बघता त्या पँटीचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजायला लागला. सुजत सुजत भोपळ्याएवढा झाला आणि वाऱ्यावर मंद झुलायला लागला.

माई जिना उतरून पोचल्या तेव्हा सेक्रेटरी बाल्कनीच्या काचेआड लुंगीसारखा टॉवेल गुंडाळून उभे होते. "दुसरं कुटुंब," ते म्हणाले. "आणि माझ्या पँटीत. फवारणीवाल्याला फोन केलाय. तो निघालाय."

"त्यात राणी आहे माझी."

"राणी असो की कोणी, पायजमा घालून मी अध्यक्षांशेजारी बसणार नाही."

तेवढ्यात सूनबाई आली. ती आधी गच्चीवर जाऊन आली होती. हातात भिंग तसंच होतं. "आई, वरच्या पेटीत एकही अंडं नाही," ती म्हणाली. "राणी जायच्या आधी अंडी घालायचं थांबवते. नवी राणी यायची ती राणीघरातून. ती एकही दिसत नाहीत."

आप्पांनी छताकडे बघितलं.

"मी कापली," माई म्हणाल्या.

सूनबाईने बोल लावावा म्हणून माई वाट बघत होत्या; चार शब्दांचं उत्तर तयार ठेवलं होतं. "म्हणजे आता फक्त ही राणी," सूनबाई म्हणाली. "फवारलं तर ही संपली, आणि वरच्याही महिना-दोन महिन्यांत संपल्या. मी खोकं आणते."

खोकं आलं. मोठं, कोरं, पुठ्ठ्याचं. त्यावर दुकानाचा शिक्का आणि पडद्यांचं चित्र. माईंनी ते बघितलं. घरात तर नवे पडदे कुणी लावले नव्हते.

"पडदे?" त्यांनी विचारलं.

"नंतर सांगते, आई. आधी पँट."

माईंनी डोक्यावरून मच्छरदाणी घेतली आणि खोकं पँटीखाली धरलं. सूनबाईने कमरेचे दोन्ही काठ पकडले, एक श्वास घेतला आणि असा झटका दिला, की भोपळा धप्पकन खोक्यात. माईंच्या हाताला वजन लागलं, आणि तळहातांना पुठ्ठ्यातून ऊब. तान्हं मूल हातात ठेवल्यावर लागते तशी. त्या तशाच उभ्या राहिल्या. नुसता तो सूर, आता त्यांच्या कोपरांपर्यंत चढलेला.

"पँट परत मिळेल का?" काचेआडून सेक्रेटरींनी विचारलं.

फवारणीवाला आला, चहा पिऊन गेला. सेक्रेटरी सभेला पँट घालून गेले, पण दहा-वीस माशांना त्या पायाची ओढ सुटेना. अहवाल वाचताना ते सबंध वेळ एक पाय झटकत होते, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सभा वेळेवर संपली. पण संपायच्या आधी ठराव झालाच. गच्चीवर कुटुंब एकच. दुसरं दोन दिवसांत हलवावं.

रात्री सगळे जेवायला बसले. खोकं जिन्याखाली गुणगुणत होतं.

"आई," सूनबाई म्हणाली, "त्या... आम्ही ठरवलाय त्या फ्लॅटला बाल्कनी आहे."

चिरंजीवांनी घास हातात धरून ठेवला. माई पाणी प्यायल्या. "मला एक सांग," त्या म्हणाल्या. "नवी राणी घर घेऊन बाहेर पडली असं कधी झालंय?"

"थवा निघतो तो जुन्या राणीचा, आई. भरलेलं घर, साठवलेला मध, सगळं मागे ठेवून तीच निघते. घर मागच्यांचं."

"हाकलतात तिला?"

"नाही. तिची तीच निघते. अर्ध्या माशा तिच्याबरोबर जातात."

"कुठं लिहिलंय?"

सूनबाईने पुस्तिका आणून पान उघडलं. माई अक्षराला अक्षर जोडून वाचत होत्या, ओठ हलत होते. सगळ्यांची जेवणं झाली तरी त्या वाचतच होत्या.

सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी निकाल दिला. "फ्लॅट सोडायचा नाही. तिथे आम्ही जातो."

"आम्ही म्हणजे?" चिरंजीव म्हणाले.

"मी आणि हे."

"मी?" आप्पा म्हणाले.

"थवा राणीबरोबर जातो. तुम्हीच पुस्तिका वाचलीत ना?"

"पण आई, तिथे दोनच खोल्या आहेत."

"ती पँटीत राहिली," माई म्हणाल्या. "मला दोन पुरतील."

सगळ्यात जास्त पंचाईत झाली सूनबाईची. तिला हवं होतं ते छोटं घर, तिच्या मापाचं, रिकाम्या भिंतींचं. मिळालं ते माईंच्या कपाटांनी भरलेलं मोठं घर, वर बिनराणीची पेटी. पडदे तर तिने त्या बाल्कनीच्या दाराला मोजून घेतले होते. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा माई दाराशीच उभ्या होत्या.

"पडदे माझ्याकडे लावून दे," त्या म्हणाल्या. "रंग बरा आहे. मी घेतला नसता, पण बरा आहे."

माई गेल्या. आप्पा गेले. थवा नव्या पेटीत बसला आणि पेटी बाल्कनीत बसली. दोन खोल्यांत एवढा मोकळेपणा, की माई कधी कधी दुसऱ्या खोलीत आप्पा आहेत का ते बघून यायच्या. दुपारी नव्या पडद्यांतून निळसर उजेड यायचा, त्या खुर्चीवर बसून पेटी बघायच्या आणि झाकणाला हात लावायच्या नाहीत. जुन्या घरून सूनबाईचा फोन यायचा. आवाज बदललाय आई, नुसत्या भिरभिरतात, एकसारखं कण्हल्यासारखं येतं. माईंना ते फोनवरही ऐकू यायचं. सगळे घरी आहेत, पण चूल कुणी पेटवायची ते कुणाला माहीत नाही, असा तो सूर.

मग एका सकाळी सूनबाई कामावर जाताना वाट वाकडी करून आली. भिंगातून बघून म्हणाली, "घातलीत, आई. ताजी आहेत. यातली एक चौकट वरच्या पेटीत दिली, तर ह्याच अंड्यांतून त्या आपली राणी करतील. संध्याकाळी मी घरी असते. याल?"

याल, म्हणाली. माईंना तो शब्द दिवसभर टोचला.

चौकटीवरच्या माशा झटकून, ती टॉवेलात गुंडाळून, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवून माई बसमध्ये चढल्या. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं ते बोचकं बघून एका तरुणाने लगेच जागा दिली. शेजारची बाई वाकून म्हणाली, "झोपलंय वाटतं. किती महिन्यांचं?"

"अजून अंड्यात आहे," माई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर शहर मावळत्या उन्हात हळूहळू मागे सरकत होतं, जणू बस उभीच आहे आणि बाकी सगळेच घर बदलतायत. शेजारची बाई पुढच्या थांब्याला जागा बदलून बसली.

तीन मजले चढून माई दारापुढे आल्या. किल्ली त्यांनी सूनबाईकडे दिलेली. त्या दाराची बेल त्यांनी आयुष्यात कधी दाबली नव्हती. गरजच पडली नव्हती. आतून ती कशी खणखणते हे त्यांना माहीत होतं. बाहेरून ती फार लांब, दुसऱ्याच कुणाच्या घरात वाजल्यासारखी वाजली.

"या, आई," सूनबाई म्हणाली.

अंडी निवायला नकोत म्हणून माई इकडेतिकडे न बघता बैठकीच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून सरळ जिना चढल्या. काहीतरी बदललंय एवढं जाणवलं, पण काय ते बघायला थांबल्या नाहीत. वर चिरंजीव धुराडं धरून उभे होते आणि बापासारखेच रडत होते. झाकण सूनबाईने काढलं. माईंनी टॉवेल सोडला, तिने चौकट मधोमध उतरवली. बोटं लागली एकमेकींना, आणि कुणी घाईने काढून घेतली नाहीत. माशा चौकटीवर चढल्या. एक, मग दहा, मग चौकट दिसेनाशी झाली. तो कण्हणारा सूर जरा वेळ तसाच चालू राहिला. मग कुठेतरी आत, खाली, कुणीतरी उसासा टाकून कामाला लागावं तसा बसत बसत गेला. दोघी पेटीच्या दोन बाजूंना कान लावून बसल्या होत्या. मधे फक्त एक पेटी होती. आकाशातला उजेड कधी उतरला ते दोघींना कळलं नाही.

खाली आल्यावर सूनबाई म्हणाली, "बसा ना, आई. चहा टाकते."

माई बसल्या. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या, कारण त्यांची खुर्ची तिथे नव्हती. मग त्यांनी बघितलं. माईंच्या लग्नापासून खिडकीला आडवं असलेलं मोठं कपाट आता मागच्या भिंतीला होतं. त्या जागी खिडकी होती. रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते आणि त्यांचा पिवळा उजेड फरशीवरून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. या खोलीला खिडकी एवढी मोठी आहे, हे माई विसरूनच गेल्या होत्या.

सूनबाई चहा घेऊन दारात थबकली. माईंची नजर कुठे आहे ते तिने बघितलं आणि कप हातात तसेच धरून उभी राहिली.

"उजेड येतो," माई म्हणाल्या.

पुढचं वाक्य येईल म्हणून सूनबाई थांबली. पुढचं वाक्य आलं नाही.